भित्यापाठी ब्रह्मराक्षस



एरवी या पानांवर आपण एखाद्या ग्रंथाविषयी वाचता, एखाद्या संतचरित्रावरचे चिंतन वाचता. आज मी आपल्यापुढे टीव्हीवरच्या मालिकेचा एक भाग घेऊन आलो आहे. तोही भयकथेचा, तोही अमेरिकेतला आणि तोही साठाहून अधिक वर्षांपूर्वीचा. कपाळाला बुक्का लावणाऱ्याने हा कसला नाद धरला, असे आपल्याला वाटले तर ते साहजिक आहे. मलाही तसेच वाटले होते. दिवाळीच्या सुट्टीत नातू घरी आला होता. जेवणे झाल्यावर म्हणाला, "आजोबा, एक भुताची गोष्ट दाखवतो. पण यात भूत नाहीये." मी म्हटले, भूत नाही तर भ्यायचे कशाला? तो नुसता हसला आणि त्याने लावून दिले. पंचवीस मिनिटांत संपले. त्या रात्री मला झोप लागली नाही. का लागली नाही, ते शेवटी सांगतो. आधी गोष्ट ऐका.

मालिकेचे नाव 'द ट्वायलाइट झोन'. ती १९५९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत सुरू झाली. आपण पाहतो आहोत तो भाग ४ मार्च १९६० रोजी प्रथम दाखवला गेला. त्याचे नाव 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट', म्हणजे मेपल रस्त्यावर राक्षस येऊ घातले आहेत. लेखक रॉड सर्लिंग. मालिका उभी केली ती त्यांनीच, आणि प्रत्येक भागाच्या आरंभी व शेवटी सूत्रधारासारखे बोलायला येतात तेही तेच.

शनिवारची संध्याकाळ आहे. ओळीने घरे, घरांपुढे हिरवळ, मुले खेळताहेत, आइस्क्रीमवाला घंटी वाजवतो आहे, कोणी आपली मोटार धूत आहे. इतक्यात आभाळातून काहीतरी मोठा आवाज करीत, झगमगत निघून जाते. लोक वर पाहतात. उल्का असेल म्हणतात आणि पुन्हा कामाला लागतात. मग लक्षात येते की वीज गेली आहे. टेलिफोन बंद. रेडिओ बंद. मोटारीही चालू होत नाहीत. पीट व्हॅन हॉर्न नावाचा एक शेजारी कमरेला हातोडी अडकवून शेजारच्या रस्त्यावर काय स्थिती आहे ते पाहायला जातो. या माणसाला लक्षात ठेवा.

तेवढ्यात टॉमी नावाचा एक पोरगा बोलतो. त्याने पुस्तकात वाचलेले असते की परग्रहावरचे लोक येण्याआधी आपली चार माणसे पुढे पाठवतात. दिसायला अगदी आपल्यासारखी, आपल्याच वस्तीत राहणारी. मोठी माणसे हसतात. पण हसता हसता एकमेकांकडे पाहू लागतात. आणि त्याच वेळी लेस गुडमन नावाच्या गृहस्थाची मोटार, आत कोणी नसताना, आपोआप सुरू होते.

माऊली, इथून पुढे जे घडते ते पायरीपायरीने पाहण्यासारखे आहे. सगळ्यांची मोटार बंद, मग याचीच कशी सुरू झाली? घोळका त्याच्या दाराशी जातो. एका बाईला आठवते की हा माणूस रात्री-अपरात्री अंगणात उभा राहून आभाळाकडे पाहत असतो. गुडमन म्हणतो, मला झोप येत नाही हो, निद्रानाश आहे. पण आता ते कोणी ऐकत नाही. मग बोट वळते स्टीव्ह ब्रँडकडे. हा त्यांच्यातला शहाणा, सगळ्यांना शांत करू पाहणारा. त्याच्या घरात त्याने स्वतः जोडलेला रेडिओ आहे. तू रात्री कोणाशी बोलतोस, असे लोक विचारतात. तोवर अंधार पडलेला असतो. दूरवरून एक आकृती चालत येताना दिसते. राक्षस आला, असा ओरडा होतो. चार्ली नावाचा माणूस स्टीव्हच्या हातातली बंदूक हिसकावून घेतो आणि गोळी झाडतो. जवळ जाऊन पाहतात, तर तो पीट व्हॅन हॉर्न. शेजारच्या रस्त्यावरची बातमी घेऊन परत आलेला.

इतक्यात चार्लीच्या घरातले दिवे लागतात. आता सगळे चार्लीवर उलटतात. दगड येतो, कपाळ फुटते. जीव वाचवायला चार्ली ओरडतो, मला माहीत आहे खरा राक्षस कोण आहे. आणि बोट दाखवतो ते त्या पोरावर. मग या घराचे दिवे लागतात, त्या घराचे विझतात, आणि प्रत्येक दिव्यागणिक नवा संशयित. काचा फुटतात, बंदुका बाहेर येतात, आणि दुपारी एकमेकांच्या अंगणात उभी राहून बोलणारी माणसे एकमेकांच्या जिवावर उठतात.

शेवटच्या दृश्यात जवळच्या टेकडीवर दोघे उभे दिसतात. ते खरोखर परग्रहावरचे आहेत. एक दुसऱ्याला समजावून सांगतो की आपल्याला लढायचे कामच नाही. यांची थोडी यंत्रे बंद करायची, थोडा वेळ अंधारात ठेवायचे आणि बसून पाहायचे. आपला शत्रू ते आपापसातच शोधून काढतात.

गोष्ट संपली तेव्हा नातवाने विचारले, "आजोबा, यातला राक्षस कोण?" मी ताबडतोब म्हणालो, "चार्ली." तो म्हणाला, "बघा, तुम्हीपण बोट दाखवलंत." मी गप्प झालो.

आता या कलाकृतीकडे जरा शांतपणे पाहू. आपल्या लहानपणी आपण मुंजा, हडळ, वेताळ यांच्या गोष्टी ऐकत आलो. त्या गोष्टींत एक सोय असते. भूत बाहेर असते. त्याचे ठिकाण ठरलेले, वेळ ठरलेली आणि त्यावरचा उपायही ठरलेला. पिंपळाखालून जाताना देवाचे नाव घ्यावे, अंगारा लावावा, सुटका होते. सर्लिंग यांनी ही सोय काढून घेतली आहे. भीतीला जागाच ठेवली नाही, म्हणून ती सगळीकडे पसरते. आपल्या मराठीत म्हण आहे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. राक्षस आधी आणि भीती मागून, असे नाही. भीती पुढे चालते आणि राक्षस तिच्या पाठीमागून येतो. या भागाचे सगळे सार या दोन शब्दांत आले आहे.

पण नुसते सार सांगितले तर लेखकावर अन्याय होईल. या लेखनातली जी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटली ती अशी की या पंचवीस मिनिटांत ज्या मुद्द्यांवरून आळ येतो, त्यांतला एकही मुद्दा खोटा नाही. पुन्हा पाहा. गुडमन रात्री आभाळाकडे पाहतो, हे खरे. स्टीव्हकडे रेडिओ आहे, हे खरे. चार्लीच्या घरात दिवे लागले, हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलेले. त्या पोराने सगळ्यांच्या आधी परग्रहवासीयांचे नाव काढले, हेही खरे. प्रत्येक जण खरेच बोलतो आणि सगळ्या खऱ्यांची बेरीज एका खुनात होते. आपण समजतो की खोटे बोलले नाही म्हणजे वाणीचे पाप टळले. हा भाग सांगतो की तसे नाही. खरी गोष्ट कोणत्या वेळी, कोणापुढे, कशासाठी बोललो, त्यावर ती दिवा होते की पेटते कोलीत, हे ठरते.

दुसरी गोष्ट गुडमनची. गोळी लागून पीट पडतो, तेव्हा चार्लीवर पहिला हल्ला कोण चढवतो? हाच गुडमन. तू इतक्या घाईने कशाला मारलेस, पीट आम्हाला काही सांगायला आला असेल म्हणून तर नाही? असा त्याचा रोख. घटकाभरापूर्वी हा स्वतः घोळक्याच्या मध्ये उभा होता. निराधार आळाची आच काय असते हे त्या रस्त्यावर याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. तरी सुटका होताच तो घोळक्यात सामील होतो, कारण स्वतःवरचे बोट काढायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ते दुसऱ्याकडे वळवणे. दुःख सोसले म्हणजे माणूस आपोआप दयाळू होतो, हा आपला एक गोड समज आहे. सर्लिंग तो शिल्लक ठेवत नाहीत.

आणि स्टीव्ह? त्याच्याविषयी पाहताना मला आदर वाटत होता. तो सारखा सांगत असतो की थांबा, विचार करा. पण त्याच्यावर वेळ येते तेव्हा त्याची बायको म्हणते की रेडिओच आहे, या, दाखवते. तो तिला अडवतो. अहंकार दुखावलेला असतो. तो चिडून उपहासाने म्हणतो की होय, मी तीन डोक्यांच्या हिरव्या माणसांशीच बोलत असतो. भ्यालेल्या घोळक्यापुढे उपहास चालत नाही. विनोद कळण्याइतके मन कोणाचेच ठिकाणावर नसते. शहाण्या माणसाचे शहाणपण अपुरे पडले ते बुद्धी कमी होती म्हणून नव्हे. मान खाली घेता आली नाही, म्हणून ते अपुरे पडले. ही बारीक जागा लेखकाने फार नेमकी टिपली आहे.

हे सारे त्यांना सुचले कुठून, तेही पाहू. सर्लिंग दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीधारी सैनिक म्हणून फिलिपाइन्समध्ये लढले होते, जखमी झाले होते. परत आले तर देशात वेगळेच वारे. १९५० पासून सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी सरकारात, सैन्यात छुपे कम्युनिस्ट आहेत अशी हाकाटी चालवली होती. शेजारी शेजाऱ्याविरुद्ध, सहकारी सहकाऱ्याविरुद्ध साक्ष देऊ लागला. अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. १९५४ च्या डिसेंबरात सिनेटनेच मॅकार्थींवर ठपका ठेवला, पण संशयाची सवय लगेच जात नाही. १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला. त्या घटनेवरून सर्लिंग यांनी टीव्हीसाठी नाटक लिहिले, तर जाहिरातदारांच्या भीतीने त्यात इतके बदल करायला लावले की मूळ विषय ओळखू येईना. तेव्हा त्यांनी वाट बदलली. जे सरळ सांगू देत नाहीत ते परग्रहाच्या आडून सांगायचे. भारुडात नाथमहाराज विंचवाचे, भुताचे सोंग घेतात आणि सांगायचे ते सांगून जातात. सोंग पाहायला जमलेल्याला घरी गेल्यावर कळते की बोलणे आपल्याविषयीच होते. मला हा भाग त्या जातीचा वाटला.

आता त्याच्यातले उणे. माझ्या मते शेवटचे टेकडीवरचे दृश्य या कलाकृतीला कमीपणा आणते. ते दोघे परग्रहवासी एका जुन्या चित्रपटातून उरलेल्या वेषात उभे आहेत, ही गरिबी आपण सोडून देऊ. पण ते दिसले की पाहणाऱ्याच्या मनावरचा भार हलका होतो. अच्छा, म्हणजे हे त्यांनी केले होय! पुन्हा भूत बाहेर जाऊन बसते. वास्तविक त्यांनी केले काय? दिवे लावले आणि विझवले. दगड त्यांनी उचलला नाही, गोळी त्यांनी झाडली नाही. लेखकाला हे पक्के ठाऊक आहे, म्हणून निवेदक होऊन ते शेवटी बजावतात की शस्त्रे नेहमी बॉम्बच्या रूपातच येतात असे नाही. संशय आणि पूर्वग्रहही तेच काम करतात आणि त्याची झळ पुढच्या पिढ्यांना लागते. बोलणे लाखमोलाचे. पण दृश्याने जे सैल केले ते बोलण्याने पुन्हा आवळावे लागले.

पुढे २००३ साली ही गोष्ट नव्याने केली गेली. त्यात टेकडीवरचे परग्रहवासी काढून टाकले आणि त्यांच्या जागी अमेरिकेचेच सैन्य आणले. लोक भीतीने कसे वागतात याचा सैन्य प्रयोग करून पाहते आहे. म्हणजे आता सगळी माणसेच. हा बदल वरवर पाहता अधिक धीट. पण माझे समाधान त्यानेही झाले नाही. परग्रहवासी गेले आणि सरकार आले, तरी दोरी ओढणारा दुसराच कोणीतरी आहे ही पळवाट तशीच राहिली. माझी विनंती अशी आहे की आपण हा भाग नातवंडांसोबत पाहाच, पण टेकडी दिसायच्या आधी थांबवा. रस्त्यावर दंगल चालू आहे, तिथेच थांबवा. आणि एकमेकांना विचारा, दिवे कोणी घालवले हे सोडून द्या, दगड कोणी उचलला?

कोणी म्हणेल, नाटक आहे ते. एका संध्याकाळीत सज्जन शेजारी खुनी होतात, हे पटत नाही. मलाही ही घाई प्रथम खटकली. पण मग मला १ जुलै २०१८ आठवला.

आपल्यालाही आठवत असेल. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातले राईनपाडा गाव. रविवारचा दिवस, बाजार भरलेला. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणे ही त्या समाजाची परंपरा. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा तेव्हा मोबाइलवरून पसरलेली होती. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, असे वर्तमानपत्रांतून आले. एवढेच निमित्त. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारले. पाचही जण गेले.

त्या दिवसांत देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरचे दोघे खेळणारे मूल उचलून नेतात, अशी. ती मुळात कराचीमध्ये मुलांच्या सुरक्षेविषयी जागृती करण्यासाठी केलेली फीत होती. तिच्या शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. तो शेवट कापून ती पुढे पाठवली गेली. मेपल रस्त्यावर एका पोराने वाचलेली गोष्ट सांगितली. इथे कापलेली गोष्ट हातोहात गेली. टेकडीवर परग्रहवासी कोणी नव्हते. आणि पंचवीस मिनिटे तरी लागली असतील की नाही, देव जाणे.

मंगळवेढा, माऊली. चोखोबांचे मंगळवेढे. पंढरीपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवरचे. त्या वर्षी आषाढी एकादशी २३ जुलैला होती. पालख्यांचे प्रस्थान चार-पाच दिवसांवर आले होते. आपण पताका धुवत होतो, टाळांच्या दोऱ्या बदलत होतो. बातमी वाचून आपण हळहळलो, आणि कुठला तो जमाव, काय ती माणसे, असे म्हणून मोकळे झालो. मीही झालो. तेव्हा मी माझ्या मनाला एक प्रश्न विचारला नव्हता. तो नातवाने या दिवाळीत विचारला. चार्लीचे नाव घेऊन मी गप्प बसलो, तेव्हा तो सहज म्हणाला, "तुम्ही त्या रस्त्यावर असता तर कोण असता, आजोबा?"

म्हणून मला त्या रात्री झोप लागली नाही.

पुष्कळ वर्षे झाली. माऊलींच्या पालखी सोहळ्यात आमची दिंडी बरडच्या मुक्कामी होती. दिवसभर पाऊस झोडपत होता. रात्री जनरेटर बंद पडला आणि सगळा तळ काळोखात गेला. तेवढ्यात आमच्यातल्या एका मावशींचा आक्रोश ऐकू आला. त्यांची पैशांची चंची सापडत नव्हती. पाच-सहाशे रुपये, पण वर्षभर कोंबड्या-अंडी विकून साठवलेले. कंदिलाच्या उजेडात आम्ही सगळे जमलो. लोणंदला आमच्यात एक पोरगा सामील झाला होता. वीस-बावीस वर्षांचा, एकटा, कोणाच्या ओळखीचा नाही. पाण्याच्या कळशा वाहायचा, पडेल ते काम करायचा, बोलायचा कमी. कोणीतरी त्याच्याकडे पाहिले. मग सगळ्यांनी पाहिले. तरी कोणी काही बोलत नव्हते. तेव्हा मी बोललो. मी इतकेच म्हणालो, "तो रात्री उठून बाहेर जातो खरा. मी दोनदा पाहिलंय."

खोटे नव्हते. मी दोनदा पाहिले होते.

पुढचे फार सांगत नाही. त्याची पिशवी उपडी केली. एक सदरा, बुक्क्याची डबी आणि कागदात बांधलेली चार खारका निघाल्या. कोणी त्याचा दंड धरला, कोणी कानाखाली मारली. विणेकरी बुवा मध्ये पडले म्हणून तेवढ्यावर थांबले. तो एक शब्द बोलला नाही. सकाळी काकड्याच्या वेळी पाहिले तर त्याची जागा रिकामी होती. वेळापूरला मावशींची चंची सापडली. पावसात भिजू नये म्हणून त्यांनीच ती पिठाच्या डब्यात खोचून ठेवली होती. मावशी ओक्साबोक्शी रडल्या. सगळ्यांनी विठ्ठलाचे नाव घेतले आणि पाऊल पुढे टाकले. तो रात्री का उठत होता, हे मी त्याला विचारलेच नव्हते. आता विचारायला तो कुठे आहे?

जनाबाईंवर देवाचे पदक चोरल्याचा आळ आला, ही कथा आपण कीर्तनात कितीदा ऐकतो. तिला सुळावर द्यायला निघाले तेव्हा सुळाचे पाणी झाले, इथे आल्यावर बुवांचा कंठ दाटतो, आपले डोळे भरतात. आपण नेहमी जनीच्या बाजूने ऐकतो. पण ती कथा घडली तेव्हा भोवती गर्दी होती. त्या गर्दीतही कपाळाला बुक्का लावलेली, रोज महाद्वारात येणारी माणसे असतीलच. त्यांनाही पदक नाहीसे झाले हे खरेच दिसत होते. त्या गर्दीत आपण कुठे उभे असतो, हे मला कोणी कीर्तनात विचारले नव्हते. ते एका परक्या भाषेतल्या, परक्या देशातल्या, काळ्यापांढऱ्या चित्रांनी विचारले.

वारीत आपण लहानथोर न पाहता एकमेकांच्या पाया पडतो. समोरच्याचे नाव-गाव-जात विचारत नाही, माऊली म्हणतो. मला वाटत आले होते की हे केले म्हणजे संशय आपल्या दाराशी फिरकणार नाही. पण दिवसाउजेडी, टाळमृदंगाच्या गजरात वाकलेले डोके ही त्याची अर्धीच परीक्षा. सकाळी मी त्या पोराच्याही पाया पडलो होतो. खरी परीक्षा बरडच्या काळोखात झाली, आणि मी तिच्यात नापास झालो. मला दगड उचलावा लागला नाही. घोळका नुसता उभा होता, त्याला एका वाक्याची गरज होती. ते मी पुरवले.

आपण 'भूत' हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. एक, अंधारात दिसते ते. दुसरा, प्राणिमात्र, जीव. भूतदया म्हणतो तेव्हा हा दुसरा अर्थ असतो. समोर तोच माणूस उभा असतो. त्यातले कोणते भूत आपल्याला दिसते, हे त्या माणसावर फारसे अवलंबून नसते.

नातू परत जाताना म्हणाला, "आजोबा, पुढच्या सुट्टीत दुसरा एक भाग दाखवतो." मी म्हटले, दाखव. पण त्याआधी आषाढ येतो आहे. आपल्या दिंडीत यंदाही कोणी एकटा, अनोळखी, कमी बोलणारा येईल. एखाद्या मुक्कामी पाऊस येईल, दिवे जातील, कोणाचे काही हरवेल, आणि चार डोकी त्याच्याकडे वळतील. तेव्हा आपल्याला त्याच्याविषयी एखादी खरी गोष्ट ठाऊक असली, तरी ती घोळक्याला सांगू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा, आणि जे विचारायचे ते त्यालाच विचारा.

रामकृष्ण हरि.